जबाब कुणाला द्यायचा?

१

आपल्या शिबिरांतून आणि संमेलनांतून एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. एक गट म्हणतो, इंग्रजी शिका, इंग्रजीत लिहा, आपली कैफियत जगाच्या कानावर घाला; बाबासाहेबांनी तेच केलं. दुसरा गट म्हणतो, आपल्या वस्तीला कळेल अशा बोलीत लिहा. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनाच वाचता येत नसेल तर ते लिखाण काय चुलीत घालायचं? दोन्हीकडची पोरं तावातावानं बोलतात. शेवटी एखादा वडीलधारा उठतो, ‘दोन्ही भाषा महत्त्वाच्या आहेत’ असं सांगतो आणि अध्यक्षीय समारोप सुरू होतो. वाद मिटतो, प्रश्न मिटत नाही.

मिटणार कसा? आपण त्याला भाषेचा प्रश्न समजून बसलोय, आणि मुळात तो नीतीचा प्रश्न आहे. शिकलेल्या माणसाचं आपल्या न शिकलेल्या माणसांशी नातं काय? तो त्यांचं काही देणं लागतो का? लागत असेल तर ते फेडलं की नाही हे ठरवणार कोण? तो स्वतः, त्याचे समीक्षक, पुरस्कार समित्या, की ज्यांच्या जगण्यावर त्याने पुस्तकं उभी केली ती माणसं?

हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. एखाद्याने तो जगून पाहिलेला असेल तर त्याचं आयुष्य उलगडून बघावं. केनियाचा कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो हा तसा माणूस. २८ मे २०२५ रोजी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी तो अमेरिकेत वारला. इंग्रजीत नाव मिळालं, मंत्री त्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला आले, आणि त्यानंतर त्याने कादंबरी-नाटकापुरती इंग्रजी सोडून दिली. असं करणारे लेखक जगात फार नाहीत. त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं नाही. विभूतिपूजेबद्दल बाबासाहेबांनी आपल्याला पुरेसं बजावून ठेवलंय. पण त्याने जे केलं त्याचा हिशेब मांडायला हवा, कारण त्यात आपलाही हिशेब निघतो.

२

न्गुगी जन्मला १९३८ साली, नैरोबीजवळच्या लिमुरु भागात, कामिरिथु नावाच्या गावी. त्या भागातली चांगली जमीन गोऱ्यांनी बळकावलेली. चहाचे मळे गोऱ्यांचे, राबणारे काळे. न्गुगीचा बाप ‘मुहोइ’ होता. म्हंजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहायचं, कसायचं, पण मालकी नाही. आणि लक्षात घ्या, तो ज्याच्या जमिनीवर राहात होता तो मालक गोरा नव्हता. तो त्यांच्यातलाच, काळा, ख्रिस्ती झालेला, सुधारलेला. बापाने चार लग्नं केलेली, मोठा गोतावळा. न्गुगीला शाळेत घातलं ते आईने.

१९५२ साली गोऱ्या सरकारने आणीबाणी पुकारली. जमिनीसाठी आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना सरकार ‘माऊ माऊ’ म्हणे. न्गुगीचा एक भाऊ जंगलात लढायला गेला. त्यापायी आईला पकडून छळलं. एक सावत्र भाऊ बहिरा होता. शिपायाने ‘थांब’ म्हटलेलं त्याला ऐकू आलं नाही, त्याला गोळी घातली. पोरगा हुशार म्हणून त्याला अलायन्स हायस्कुलात प्रवेश मिळाला. १९५५ साली पहिली सुट्टी लागली म्हणून घरी आला तर गाव जागेवर नव्हतं. सरकारने घरं पाडून सगळ्यांना पहाऱ्यातल्या नव्या वस्तीत कोंबलेलं.

आता शाळेची गोष्ट. आधी त्याच्या शाळेत गिकुयू भाषेत शिकवीत. आणीबाणीत सरकारने शाळा ताब्यात घेतल्या आणि सगळं इंग्रजीत झालं. शाळेच्या आवारात कुणी पोर गिकुयूत बोलताना सापडलं की छड्या, नाहीतर गळ्यात पत्र्याची पाटी: मी मूर्ख आहे, मी गाढव आहे. पोरं पकडायची रीत तर आणखी वाईट. सकाळी एका पोराच्या हातात एक बटन द्यायचं. त्याने जो मायबोलीत बोलेल त्याच्या हातात ते सरकवायचं, त्याने पुढच्याच्या. संध्याकाळी ज्याच्याकडे बटन त्याने आपल्याला ते कुणी दिलं ते सांगायचं, त्याने त्याच्या आधीच्याचं नाव सांगायचं. दिवसभरातले सगळे गुन्हेगार असे एका माळेत उघडे पडत. भाषा शिकवता शिकवता शाळेने आपल्याच माणसाची चुगली करायला शिकवलं. ही गोष्ट न्गुगीने १९८६ सालच्या ‘डीकॉलोनायझिंग द माइंड’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

गळ्यातली पाटी म्हटल्यावर आपल्याला गळ्यातलं मडकं आठवल्याशिवाय राहात नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने गळ्यात मडकं बांधून चालावं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून; बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात त्याचा दाखला दिलाय. दोन्हींत साम्य आहे खरं. तोंडातून जे निघतं ते घाण आहे असं दोन्ही ठिकाणी ठरवलं गेलं. पण इथेच घाई करू नका. साम्य बघून लगेच गळ्यात गळा घालायची आपल्याला सवय आहे, आणि फरक नजरेआड झाला की विचार फसतो. फरक पुढे बघू.

३

न्गुगी युगांडात मकेरेरे इथे शिकायला गेला. १९६२ साली तिथे आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. तिचं नावच ‘इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद’. स्वाहिलीत लिहिणारा शाबान रॉबर्ट मोठा कवी होता, योरुबात लिहिणारा फागुन्वा होता. त्यांना त्यात जागा नव्हती. विद्यार्थीदशेतल्या न्गुगीला मात्र होती, कारण त्याच्या दोन गोष्टी इंग्रजीत छापून आल्या होत्या. तिथेच त्याने चिनुआ अचेबेला आपलं हस्तलिखित दाखवलं.

पुढे पुस्तकं येत गेली. १९६४ साली ‘वीप नॉट, चाइल्ड’, १९६५ ला ‘द रिव्हर बिटवीन’, १९६७ ला ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’. जमीन गेलेली माणसं, जंगलात लढलेली माणसं, फितूर झालेली माणसं. सगळी त्याच्या गावची. नाव झालं. तेव्हा तो स्वतःचं नाव जेम्स न्गुगी असं लावत असे.

पण १९६७ सालीच, इंग्लंडात शिकत असताना, त्याने एका मुलाखतीत सांगितलं की आपण अडचणीच्या टोकाला येऊन पोचलोय, इंग्रजीत लिहीत राहण्यात अर्थ आहे का हेच कळेनासं झालंय. अडचण उघड होती. त्याच्या पुस्तकातला शेतकरी त्याचं पुस्तक वाचू शकत नव्हता. त्याच्या जखमेवर पुस्तक उभं, आणि ते वाचून हळहळणार लंडनचा वाचक. लेखकाने त्या शेतकऱ्याबद्दल खोटं लिहिलं असतं तरी ‘अरे, असं नाही घडलं’ म्हणून सांगायला तो येऊ शकत नव्हता.

१९६८ साली नैरोबी विद्यापीठात त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर मागणी केली की इंग्रजी विभाग बरखास्त करा. आपलं वाङ्मय मध्यभागी ठेवा, मौखिक धरून, आणि बाकीचं जग त्याच्याभोवती. पुढे त्याने जेम्स हे नाव टाकलं. तरी कादंबरी इंग्रजीतच चालू होती. बोलणं बदललं होतं, लिहिणं बदललेलं नव्हतं. आपल्याकडेही अशी माणसं काही कमी नाहीत.

४

ते बदलायला एक बाई कारणीभूत झाली. १९७६ साली कामिरिथुची एक बाई त्याच्या घरी आली आणि तिने सरळ विचारलं: तू एवढा शिकलास, पुस्तकं लिहितोस म्हणतात, मग त्यातलं थोडं गावाला का देत नाहीस? गावात तरुणांसाठी एक केंद्र होतं, पडीक. ते उभं करायला ये, म्हणाली. त्याने टाळाटाळ केली असावी, कारण ती पुढच्या रविवारी पुन्हा आली, मग पुन्हा आली. कित्येक आठवडे येत राहिली. शेवटी तो गेला.

कार्यकर्त्यांनी या बाईकडे नीट बघावं. इतिहासात तिचं नाव ठळक नाही. पण जगभरच्या विद्यापीठांतून ज्या भूमिकेवर प्रबंध लिहिले जातात तिच्या मुळाशी ही बाई दारात उभी आहे. तिने लेखकाकडे व्याख्यान मागितलं नाही, सहानुभूती मागितली नाही. उसनं दिलेलं परत मागावं तसं तिने शिक्षण मागितलं. तुझ्या शिक्षणात आमचा वाटा आहे, तो टाक.

केंद्रात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. मग नाटक करायचं ठरलं. न्गुगी आणि न्गुगी वा मिरिई या दोघांनी गिकुयूत संहिता लिहिली: ‘न्गाहिका न्देंदा’, म्हंजे ‘वाटेल तेव्हा लग्न करीन’. आणि इथे चमत्कारिक गोष्ट झाली. प्राध्यापकाने लिहिलेल्या संवादात गावकरी चुका काढू लागले. म्हातारा माणूस असं बोलतो होय? या प्रसंगाला ही म्हण चालत नाही, हे गाणं असं नाही. जवळच्या बुटाच्या कारखान्यातले कामगार सांगू लागले की आमच्या एका दिवसाच्या घामातून मालक किती काढतो आणि आमच्या हातावर किती ठेवतो. माऊ माऊच्या लढ्यात होते त्यांनी लढ्याचं चुकलेलं दुरुस्त केलं. दोन हजार माणसं बसतील असं उघडं नाट्यगृह लोकांनी स्वतः बांधलं. तालमी सगळ्यांसमोर चालत, त्यामुळे नाटक उभं राहीपर्यंत ते गावाचंच होऊन गेलं.

नाटकातली गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. किगुंदा नावाचा मजूर. दीड एकर जमीन, तिचा कागद भिंतीवर लावलेला. श्रीमंत किओइ त्याच्या मागे लागतो: तुझं लग्न चर्चमध्ये, देवाच्या साक्षीने नीट लावून घे. त्यासाठी बँकेचं कर्ज, जामीन किओइ. कर्ज फिटत नाही, जमिनीचा लिलाव होतो, आणि जमीन कुठे जाते ते सांगायला नको. आता यात परका कोण? किओइ काळा, किगुंदा काळा. दोघांची भाषा गिकुयू. दोघांचा देव एक. न्गुगीने मायबोलीत पहिलं नाटक लिहिलं ते मायबोली बोलणारा माणूसच आपला गळा कसा कापतो हे सांगायला. मायबोलीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

५

२ ऑक्टोबर १९७७ रोजी नाटक सुरू झालं. लांबलांबून माणसं येऊ लागली. १६ नोव्हेंबरला सरकारने बंदी घातली. डिसेंबरअखेर न्गुगीला उचललं आणि खटला न भरता कामिटीच्या तुरुंगात टाकलं.

त्याच वर्षीची दुसरी घटना शेजारी ठेवून बघा. १९७७ च्या जुलैत त्याची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी आली. स्वातंत्र्यानंतर काळ्या सत्ताधाऱ्यांनी गरिबांना कसं लुबाडलं हाच तिचा विषय. सरकारला झोंबावी अशीच. आणि तिच्या प्रकाशनाला कोण? देशाचे अर्थमंत्री म्वाई किबाकी. इंग्रजीत शिव्या दिल्या तर मंत्री हार घालायला येतात. त्याच शिव्या मजुराला समजतील अशा दिल्या तर शिपाई बेड्या घेऊन येतात. सत्तेला भाषा बरोबर कळते. तिला शब्दांचं भय नसतं, ते कुणाच्या कानावर पडतात याचं असतं.

तुरुंगात त्याने ठरवलं की यापुढे कादंबरी गिकुयूत. कागद नव्हता. संडासात वापरायच्या कागदावर लिहिलं. ‘काइतानि मुथारबाइनी’, क्रुसावरचा सैतान: एका गुहेत आधुनिक चोरांची स्पर्धा भरते आणि जो तो उठून आपण गरिबाला जास्त कसं लुटलं हे अभिमानाने सांगतो. केन्याटा १९७८ च्या ऑगस्टमध्ये वारले, डिसेंबरात न्गुगी सुटला. विद्यापीठाने नोकरी परत दिली नाही.

१९८० साली ती कादंबरी छापली गेली. प्रकाशकाच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर आवृत्ती संपली. त्याहून महत्त्वाचं, ती वाचली कशी गेली. घरात एकजण वाचतोय, बाकीचे ऐकतायत. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, गाड्यांतून, दारूच्या गुत्त्यात. गुत्त्यातला वाचणारा गोष्ट रंगात आली की थांबायचा; पेला भरला की पुढे. हे वाचून आपल्याला जलसे आठवतात, भीमजयंतीच्या रात्री पहाटेपर्यंत चालणारं गाणं आठवतं. ज्याला अक्षर येत नाही तोही वाङ्मयाचा मालक असू शकतो, हे आंबेडकरी जलशांनी आपल्याला फार आधी दाखवलं होतं.

१९८२ साली सरकारने त्याचं पुढचं नाटक रोखलं आणि कामिरिथुचं ते नाट्यगृह पाडून टाकलं. त्या वर्षी तो लंडनला होता. परत आलास तर अटक आहे असं कळलं, आणि तो बाहेरच राहिला. १९८६ साली ‘मातिगारी’ ही कादंबरी आली. तिचा नायक सत्य आणि न्याय कुठे सापडेल असं विचारत देशभर फिरतो. खेड्यापाड्यांत लोक त्याच्याबद्दल असे बोलू लागले की अध्यक्ष मोई यांच्या सरकारने मातिगारी नावाच्या इसमाला पकडायचा हुकूम दिला. तो इसम पुस्तकातला आहे हे कळल्यावर १९८७ साली पुस्तकच जप्त केलं. आमच्या लेखनाने क्रांती होईल असं म्हणणारे पुष्कळ. पण आपल्या पात्रावर वॉरंट निघावं असं भाग्य किती जणांच्या वाट्याला आलं?

६

आता आपल्याकडे वळू. मघाशी फरक बघू म्हटलं होतं, तो हा.

न्गुगीच्या आईची भाषा त्याच्याकडून हिसकावून घेतली आणि परकी भाषा लादली. आपल्याकडे उलट झालं. ज्ञानाची भाषा आपल्यापासून कुलूप लावून ठेवली. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारशी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर मिळवलं. इंग्रजी आली ती त्या कुलपाला लागणारी दुसरी किल्ली म्हणून. साहेबाच्या मनात काय होतं ते सोडा. किल्ली घडवणाऱ्याचा हेतू बघत बसलेला माणूस दाराबाहेरच राहतो. म्हणून न्गुगीचं वाक्य उचलून ‘इंग्रजी टाका’ असं आपल्या पोरांना सांगायला कुणी आला तर त्याला विचारा, तुझी पोरं कोणत्या शाळेत आहेत? स्वतःच्या नातवंडांना साहेबी शाळेत घालून वस्तीला मायबोलीचं माहात्म्य सांगणारे थोर लोक आपण भरपूर पाहिलेत.

दुसरा फरक आणखी खोल आहे. न्गुगीने जेम्स हे नाव टाकलं आणि तो आपल्या मूळ नावाकडे परत गेला. त्याला परत जायला घर होतं. आपल्या आज्याचं नाव कचऱ्या, धोंड्या. ते कुणी ठेवलं? ते इंग्रजाने ठेवलेलं नाही. ते याच मायबोलीत, याच गावगाड्याने रुळवलं. ‘जोहार मायबाप’ हे मराठीच आहे, आणि चांगलं जुनं मराठी आहे. अजून बघा, बरोबर लिहिण्याला या भाषेत शब्द काय? शुद्धलेखन. जो शब्द विहिरीला लावला, चुलीला लावला, माणसाच्या सावलीला लावला, तोच अक्षरालाही लावला. आपल्या पोराची वही तांबड्या शाईने भरते तेव्हा तो नुसता चुकलेला नसतो, तो अशुद्ध असतो. मग कोणत्या मायबोलीकडे परत जायचं? जोहाराकडे? आपण ‘जय भीम’ म्हणालो ते परत जाऊन सापडलेलं नाही, पुढे चालत जाऊन मिळवलेलं आहे. न्गुगीचा प्रवास घरी येण्याचा, आपला प्रवास घर बांधण्याचा.

आणि तरीही मराठी आपली आहे. कशाने? गोलपिठ्याची भाषा १९७२ साली छापून आली, तिचे शब्द पांढरपेशा वाचकाला समजेनात. ‘बलुतं’ १९७८ साली आलं. तोवर मराठी वाङ्मय ज्याला मराठी समजत होतं ती एका गल्लीची मराठी होती. आपल्या माणसांनी ती तशी राहू दिली नाही. आपल्याला वारसा मिळाला नव्हता, आपण कब्जा केला. न्गुगीला मायबोली आईकडून आयती मिळाली आणि सरकारने काढून घेतली. आपल्याला मायबोलीच झगडून घ्यावी लागली, इंग्रजीइतकीच.

बाबासाहेब या प्रश्नात कुठे उभे राहतात? ते दोन्हीकडे उभे आहेत, आणि त्याचं कारण स्वच्छ आहे. १९२० चा ‘मूकनायक’ मराठीत, १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’ मराठीत. महाडला चवदार तळ्याच्या काठी ते मराठीत बोलले. नागपूरला धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, धर्मांतर का केलं याचा जबाब त्यांनी आपल्या माणसांना मराठीत दिला. गोलमेज परिषदेत, घटना समितीत, ग्रंथांत इंग्रजी. आरोप ज्याच्यावर ठेवायचा त्याला टाळता येणार नाही अशा भाषेत आरोप. आणि ज्यांच्या वतीने ठेवायचा त्यांना समजेल अशा भाषेत हिशेब. १९३६ चं ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ इंग्रजीतलं, पण दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते नोंद करतात की त्याची भाषांतरं गुजराती, तमिळ, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम अशा भाषांत होतायत. ते इंग्रजीत कोंडून राहिलं नाही.

७

न्गुगीच्या भूमिकेत भोकं आहेत, ती झाकायची नाहीत.

अचेबे त्याला मानत नसे. इंग्रजी माझ्या हातात आली आहे, मी ती वाकवीन, तिच्यावर माझ्या माणसांचं ओझं लादीन, अशी अचेबेची भूमिका, आणि ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचल्यावर ती भूमिका पोकळ म्हणता येत नाही. शिवाय केनियात चाळीसहून जास्त भाषा आहेत, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष केन्याटा गिकुयूच होते. लुओ माणसाने म्हणावं की तुमची मायबोली ती आमच्यावर राज्य करणाऱ्यांची बोली. तर त्याला काय सांगणार?

न्गुगीची उरलेली हयात परदेशात गेली, बरीच अमेरिकेतल्या विद्यापीठांत. कॅलिफोर्नियात बसून तो गिकुयूत लिहायचा आणि ‘मुरोगी वा कागोगो’ सारख्या हजारेक पानांच्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर स्वतःच करायचा. जगाने वाचलं ते भाषांतर. बावीस वर्षांनी, २००४ साली तो मायदेशी गेला तर भाड्याच्या घरात शिरून त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर निर्घृण हल्ला झाला. कामिरिथुत त्याच्या संवादातल्या चुका काढणारी माणसं त्याच्या पुढच्या पुस्तकांच्या तालमीला नव्हती. यात त्याचा दोष नाही, त्याला हाकललं होतं. पण तोटा झालाच.

आणि एक गोष्ट. २०२४ साली त्याच्या मुलाने, जो स्वतः लेखक आहे, जाहीर लिहिलं की वडील आपल्या दिवंगत आईला मारहाण करीत. हा आरोप आहे, निवाडा नव्हे. पण थोर माणूस म्हणून तो चटईखाली सारावा असं कुणी म्हणत असेल तर आपल्याला ते चालणार नाही. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. वस्तीच्या दारिद्र्याबरोबर वस्तीतल्या पुरुषाने घरात बाईवर काय गाजवलं तेही त्यांनी लिहिलं. तेव्हा किती जणांना ते गैरसोयीचं वाटलं! मायबोली, मायभूमी म्हणून ऊर बडवणाऱ्याला त्याच्या घरातल्या मायमाउलीने काय सोसलं हे विचारलंच पाहिजे. जबाब द्यायचा तर पहिली रांग तिथून लागते.

८

मग या सगळ्यातून घ्यायचं काय?

माझं म्हणणं असं की न्गुगीने गिकुयूत लिहिलं एवढ्याने तो मोठा होत नाही. किओइही गिकुयूतच बोलत होता. तो मोठा होतो कामिरिथुत, गावकऱ्यांनी त्याच्या चुका काढल्या आणि त्याने त्या दुरुस्त केल्या तेव्हा. प्राध्यापक खाली बसला आणि बुटाच्या कारखान्यातला कामगार त्याला नफा म्हणजे काय हे शिकवू लागला. भाषा त्याने एवढ्यासाठी बदलली की ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना उलट बोलता यावं. इंग्रजी कादंबरीत त्यांना उलट बोलता येत नव्हतं, कुणी त्यांना विचारतच नव्हतं.

तर कसोटी ही. मी कोणत्या भाषेत लिहितो हा नंतरचा प्रश्न. मी ज्याच्यावर लिहिलं तो माणूस माझं लिखाण ऐकून ‘हे खोटं आहे’ असं म्हणू शकतो का? म्हणाला तर मी ऐकणार का? याचं उत्तर होय असेल तर खुशाल इंग्रजीत लिहा, फ्रेंचमध्ये लिहा. नाही असेल तर अस्सल बोलीत लिहिलेलंही आपल्या माणसांचा माल पांढरपेशांच्या बाजारात नेऊन विकणंच झालं. बोलीत लिहूनही वस्तीकडे पाठ फिरवता येते. आपल्याच आईच्या शिव्या, आपल्याच बापाची दारू छापून, ती माणसं कधी पाऊल ठेवणार नाहीत अशा सभागृहात टाळ्या घेता येतात.

यावर कुणी म्हणेल, लोकांना विचारून लिहायचं तर लेखकाचं स्वातंत्र्य कुठे राहिलं? लोक चुकत नाहीत का? चुकतात. वस्तीला जे ऐकायचं नाही तेही लिहावं लागतं, बेबीताईंनी लिहिलं तसं. जबाब देणं वेगळं आणि हुकूम पाळणं वेगळं. जबाब देणारा माणूस आपलं म्हणणं सोडत नाही. तो समोर उभा राहतो, तोंड लपवत नाही, आणि समोरच्याला बोलू देतो. बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्णय कुणाच्या मतदानाने घेतला नव्हता. पण लाखोंच्या समोर उभं राहून तो का घेतला हे त्यांच्या भाषेत सांगितल्याशिवाय ते राहिले नाहीत.

तेव्हा तरुण मित्रांनो, इंग्रजी घ्या, आणि पुरी घ्या. घोकंपट्टीची, मुलाखतीपुरती नको. जिच्यात कोर्टात, विद्यापीठात, परिषदेत कुणाच्या बापाला उत्तर देता येईल अशी घ्या. तो आपला हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. पण जे लिहाल ते छापायला जाण्याआधी एकदा विहारात बसून मोठ्याने वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत करून सांगा. तिथे झाडलोट करून आलेली एखादी बाई असेल, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेला म्हातारा असेल. ते म्हणतील, पोरा, हे असं नव्हतं. त्या वेळी वही उघडी ठेवा आणि पेन हातात ठेवा.

आणि कधी एखादी बाई दारात येऊन विचारेल, एवढा शिकलास, त्यातलं आम्हाला काय? तिला दुसऱ्या रविवारी यायला लावू नका.